अलका कामात आहे

१

रिटायर झाले तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. एकतीस वर्षं धूलकोटच्या सरकारी शाळेत शिकवलं. सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि मधल्या वेळात पोरं, परीक्षा, जनगणना, निवडणुकीच्या ड्यूट्या. निरोपाच्या दिवशी शाळेनं शाल-नारळ दिला आणि हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, आता आराम करा." मी मनात म्हटलं, आराम कसला, आता चित्रं.

चित्रं म्हणजे मिलच्या कॉलनीची. माझे वडील भगवान चौधरी यावलकडचे. कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे मध्य प्रदेशात आले आणि इथलेच झाले. माझा जन्म क्वार्टर नंबर एकशे चौदामधला. कॉलनीतली आमची सगळी पिढी आता इंदूर, पुणे, नागपूर अशी पांगली आहे, पण फोनवर ग्रुप आहे. जुलैमध्ये शेजारच्या क्वार्टरमधल्या अजयनं ग्रुपवर लिहिलं, की जानेवारीत सगळ्यांनी एकदा भेटायचं. आणि खाली वेगळं लिहिलं, "अलके, तू चित्रं काढायचीस ना? कॉलनीची तीस चित्रं दे. छोटंसं पुस्तक करू, सगळ्यांना वाटू."

मी विचार न करता 'हो' लिहिलं. पन्नास वर्षांत मला कोणी चित्र मागितलं नव्हतं.

ऑगस्ट सरला तरी एकसुद्धा चित्र झालं नव्हतं. राजपुरा मोहल्ल्यातलं आमचं घर तसं लहान. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले की बेल वाजायची. सिलेंडरवाला. समोरच्या मालूबाई, विरजण मागायला. फोनवर ग्रुपचे गुड मॉर्निंग, मग गुड आफ्टरनून. हे, म्हणजे माझे यजमान दत्तात्रय, तहसीलीतून रिटायर झालेले. त्यांचे गुडघे गेलेत, शुगर आहे. "अगं, माझा चष्मा," "अगं, गोळी कोणती, पांढरी का पिवळी?" तीन वाजता नळाला पाणी. पाण्याची मोटर बंद केली की चहा.

आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा कोणी हाक मारलेलीच नसायची. मीच उठून बघायची, डाळ भिजत घातली का. पेन्सिल हातात धरली की मला घरातलं एकेक राहिलेलं काम आठवायचं.

एक दिवस मी यांना म्हटलं, "मला दुपारचे तीन तास बाहेर कुठेतरी बसायला जागा पाहिजे."

"घर काय वाईट आहे?"

"घर चांगलंच आहे. म्हणून तर."

ते म्हणाले, "लोटू महाजनांची वरची खोली रिकामी आहे. विचारू का?"

२

लोटू महाजन जैनाबादचे, तापीच्या पलीकडे. केळीची बाग आहे. त्यांची नात धूलकोटला माझ्या हाताखाली शिकली होती, त्यामुळे त्यांना माझं कौतुक. मुलगा इंदूरला गेल्यापासून वरची खोली बंदच होती. त्यांनी स्वतः झाडून दिली, एक टेबल चढवलं, मातीचा माठ ठेवला.

"बसा ताई. इथं कोनी येनार नाही. मी बी नाही येनार."

मी रोज दीडला यांचं जेवण उरकून स्कूटीवर निघायची. पूल ओलांडला की हवा बदलायची. फोन मुद्दाम घरी ठेवायची, फ्रिजवर. यांना काही लागलं तर मालूबाई समोरच होत्या आणि मी कुठे जाते ते हे आणि लोटू महाजन सोडून कोणाला माहीत नव्हतं.

खोलीला उत्तरेकडे खिडकी होती. खाली केळीची पानं वाऱ्यावर फाटत राहायची, तेवढाच आवाज. आमच्या गल्लीत दिवसभर पॉवरलूमची खटखट असते. ती इतकी सवयीची, की ती नाही म्हणून पहिल्या दिवशी मला कानात दडे बसल्यासारखं झालं. अर्धा तास मी नुसती बसून होते. कोणी हाक मारेल म्हणून वाट बघत होते. कोणी मारली नाही. मग मी काढायला लागले.

पहिल्याच दुपारी एकशे चौदाचं स्वयंपाकघर झालं. फडताळ, स्टोव्ह, मोरी, मोरीवरचा झरोका. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीखाली खेळणारी पोरं. तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मिलच्या फाटकातून येणाऱ्या सायकली. बांबूच्या लगद्याचा तो आंबट वास, ज्याला पाहुणे नाक मुरडायचे आणि आम्हाला जो यायचाच नाही, तोसुद्धा मला त्या खोलीत आला. मला वाटायचं सगळं विसरले. काही विसरले नव्हते.

आई तर रोजच आठवायची.

मी नऊ वर्षांची असताना वडील मिलमधून वाया गेलेल्या कागदाच्या पट्ट्या आणायचे. करड्या रंगाच्या, मऊ, पेन्सिल थोडी आत रुतायची. शाळेतून आले की मी पुढच्या खोलीत पालथी पडून त्यावर काढत बसायची. त्या वेळात कोणी आलं, शेजारीण, मैत्रीण, अगदी माझी आत्या, तरी आई दार अर्धंच उघडायची. एक हात चौकटीवर ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "अलका कामात आहे. पाच वाजता या."

मिलच्या ऑफिसात साहेबांचा शिपाई असं म्हणायचा, साहेब कामात आहेत. तिथून तिनं ते उचललं होतं. एरवी ती आमची खानदेशी बोलायची, पण हे एक वाक्य अगदी शुद्ध, शिपायासारखं. बाया हसायच्या. "सिंधूची पोरगी कामात आहे म्हणे!" आई हसायची नाही. तिला स्वतःला सही करण्यापुरतं लिहिता यायचं, पण माझ्या चित्र काढण्याला तिनं कधी खेळ म्हटलं नाही.

ती गेली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि ती सत्तेचाळीस. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर मी चित्रं काढली नाहीत. तसं काही ठरवलं नव्हतं. दाराशी कोणी उभं राहिलं नाही, एवढंच.

३

पंधरा-वीस दिवसांनी मालूबाई जिन्यात भेटल्या.

"भाभी, केस रंगवले का? काल दुपारी एकदम काळे दिसत होते. आता पाहते तर तसेच."

मी हसले. "काल दुपारी मी होते कुठे घरी?"

"अहो, मी विरजणाला आले ना! तुम्ही दार एवढंसं उघडलं. म्हणाल्या, पाच वाजता या. मी म्हटलं, ठीक आहे बाबा, भाभी कामात आहे."

मालूबाईंना मोतीबिंदू आहे. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं म्हणत होत्या. दारात हे उभे राहिले असतील आणि त्यांना मी वाटले असेन. यांच्या आवाजात आणि माझ्या आवाजात काय फरक असतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

त्याच आठवड्यात मी घरी आले तर हे पलंगावर बसून बोटं चाटत होते. शेजारी वाटी होती. मलिदा. पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला.

"अहो, हे काय? गोड बंद सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"तूच तर दिलास."

"मी?"

"झोपेतून उठलो तर उशाशी वाटी. अजून गरम होता. बरं वाटलं गं. किती वर्षांनी केलास."

मी वाटी उचलून मोरीत ठेवली. मला वाटलं, यांनी स्वतःच केला असणार आणि आता मला बनवतायत. गोडासाठी ते काहीही करतील. मागे एकदा कपाटात जलेबी लपवली होती. रात्री मी पोळ्यांचा डबा पाहिला. दोन कमी होत्या. गुळाच्या डब्याचं झाकण नीट लावलेलं होतं. हे कधी झाकण लावत नाहीत.

४

सप्टेंबर संपताना बारा चित्रं झाली होती आणि पल्लवीचा फोन आला. पल्लवी माझी मुलगी, पुण्याला असते. त्या संध्याकाळी तिचा आवाज वेगळाच होता.

"मम्मी, तू ठीक आहेस ना? सच सच बता."

"मला काय झालंय?"

"मी तीन दिवसांपासून दुपारी फोन करतेय. तू उचलतेस आणि एकच बोलतेस."

"काय बोलते?"

"अलका कामात आहे, पाच वाजता कर. और बस, ठेवून देतेस! अगं, तू स्वतःबद्दल अशी बोलतेस जैसे कोई और है. मी घाबरले ना."

मी पलंगाच्या कडेला बसले. फोन दुपारी फ्रिजवर असतो, हे मी तिला सांगितलं नाही. "पप्पा उचलत असतील," एवढंच म्हटलं.

"मम्मी, मैं पप्पा की आवाज पहचानती हूँ."

फोन ठेवल्यावर मी त्यातली यादी पाहिली. दोन चाळीस, तीन दहा, तीन पंचावन्न. प्रत्येक कॉल उचललेला. दहा सेकंद, बारा सेकंद, नऊ सेकंद. यांना विचारलं. ते दुपारी दोन ते चार गाढ झोपतात. "फोन वाजतो, तू बोलतेस, ते मला झोपेत ऐकू येतं," ते म्हणाले. मग त्यांनीच कपाळाला आठ्या घातल्या. "तू तर तिकडे असतेस, नाही का?"

मी शिकवणारी बाई आहे. आधी माझ्या डोक्यात आलं ते हेच, की मला काहीतरी झालंय. या वयात होतं. माणूस एका जागी बसून असतो आणि मधले दोन तास त्याच्याकडून पुसले जातात. कदाचित मी खोलीतून उठून घरी येत असेन आणि परत जात असेन. दुसऱ्या दिवशी मी लोटूभाऊंना विचारलं.

"मी मध्येच कुठे जाते का हो?"

"नाही बा. गाडी लिंबाखाली आसती ना तुमची. मी खालीच बसेल आसतो. पाचाशिवाय तुमचं पाऊल जिन्यावर नाही पडत."

स्कूटीवरचे किलोमीटर मी वहीत लिहायला लागले. जाऊन-येऊन नऊ. रोज नऊच.

मग मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण पूर्ण सांगायचं तर त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं. दीड वाजता मी निघायची तेव्हा घर मोकळं टाकून चालले असं वाटायचं बंद झालं होतं. पूर्वी पुलावर पोचेपर्यंत गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, असं डोक्यात चालायचं. आता नाही. हात सुटला होता. एकेका दुपारी एक पूर्ण चित्र. रेघ मनात यायच्या आधी कागदावर उतरायची.

एका दुपारी मी चपला घातल्या आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून म्हटलं, "येते गं."

हे पलंगावरून म्हणाले, "ये."

मी त्यांना म्हटलं नव्हतं.

५

दसरा होऊन आठवडा झाला असेल. त्या दिवशी मी बाविसावं चित्र पुरं केलं आणि आनंदात घरी आले. वाटेत यांच्यासाठी पेरू घेतले. जिन्यात मालूबाई उभ्या होत्या, तोंड फिरवून. मी बोलायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या भाभी. आवाज आला म्हणून मी आपली विचारायला आले होते. दार तोंडावर लावायची काय गरज होती?"

"कसला आवाज?"

मी दार उघडून धावत आत गेले.

हे न्हाणीघरात पडले होते. एक पाय अंगाखाली वाकडा झालेला, ओठ पांढरे पडलेले. डोळे उघडे होते. मला पाहिल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे आलं, ते मी अडतीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. ते मला घाबरले होते.

मालूबाईंचा मुलगा धर्मेंद्र गाडी घेऊन आला. खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात ॲडमिट केल्यावर, इंजेक्शननं थोडं बरं वाटल्यावर, हे छताकडे बघत बोलायला लागले.

"सव्वादोनला पडलो. हाका मारल्या."

"मी नव्हते हो तिथे. मी जैनाबादला होते."

"तू आलीस. न्हाणीच्या दाराशी आलीस. हात पदराला पुसत होतीस. मी म्हटलं, अगं, उचल मला, कोणाला तरी बोलव. तू तोंडावर बोट ठेवलंस. अशी. श्श केलंस. जशी लहान पोराला करतात. आणि गेलीस. नंतर बेल वाजली, मालूबाईचा आवाज आला, मी ओरडलो. तू दाराशी काहीतरी बोललीस आणि दार लावलंस."

तीन तासांहून जास्त वेळ ते ओल्या फरशीवर पडून होते.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"दत्ता," मी म्हटलं. असं नाव घेऊन मी त्यांना कधीच हाक मारत नाही. "ती मी नव्हते."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "केस काळे होते."

मला रडू आलं ते यांच्यासाठी आलं. पण त्यात रागही होता, आणि तो राग कोणावर होता तेही मला ठाऊक होतं. पन्नास वर्षांपूर्वी शेजारणींना परत पाठवणं वेगळं. अगं, हा माझा नवरा होता.

६

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. पल्लवी रात्रीच्या गाडीनं आली. दुपारी तीनच्या सुमाराला तिला यांच्याजवळ बसवून मी घरी कपडे आणायला निघाले.

गल्लीत शिरले आणि करंट गेला. सगळे लूम एकदम थांबले. अशा वेळी आमच्या गल्लीत इतकी शांतता होते, की कोणाच्या घरात चमचा पडला तरी कळतं. जिना चढले. किल्ली लावली, फिरवली. दार उघडेना. आतून कडी होती.

घरात कोणी नव्हतं. सकाळी मीच कुलूप लावून गेले होते.

मी परत किल्ली फिरवली. मग आतून आवाज आला. भांडं खाली ठेवल्याचा. मग पावलं. अनवाणी, भराभर, टाच जरा जोरात टेकणारी. ती चाल मी मिलच्या भोंग्यातसुद्धा ओळखली असती. हातातली पिशवी मी छातीशी धरली.

कडी निघाली. दार चार बोटं उघडलं.

चौकटीवर एक हात होता. मनगटापर्यंत ओला, पिठाचा. हिरव्या बांगड्या. त्याच्या वर अर्धा चेहरा, अंधारात. भांग पाडलेले काळेभोर केस. आणि एक डोळा, जो माझ्याकडे बघत होता. अनोळखी म्हातारी दारात आली की बघतात तसा. नम्रपणे. थोडा घाईत.

"कोण पाहिजे, मावशी?"

माझी आई मला मावशी म्हणाली.

सदतीस वर्षांत तिच्याशी काय काय बोलायचं मी साठवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. "आई," मी म्हटलं, "मी आहे गं. अलका."

ती किंचित हसली. माझ्या डोक्यात फरक पडलाय असं तिला वाटलं असावं. वाईट वाटल्यासारखं करून ती म्हणाली, "अलका कामात आहे."

तिच्या खांद्यापलीकडे माझ्या घराची पुढची खोली दिसत होती. सोफा नव्हता. जमिनीवर करड्या कागदाची लांब पट्टी पसरली होती आणि तिच्या शेवटाला दोन पाय दिसत होते. लहान, गुडघ्यात वर दुमडलेले, घोटे एकमेकांत अडकवलेले. तळवे धुळीनं मळलेले. ते हवेत हळूहळू हलत होते, चित्रात रमलेल्या पोराचे हलतात तसे.

मी बघत असताना ते थांबले. कागद सरकल्याचा आवाज आला. ती मुलगी मान वळवून दाराकडे बघणार, हे मला कळलं, आणि तिनं बघू नये असं मला इतक्या जोरानं वाटलं, की मीच डोळे मिटले.

"श्श," आई म्हणाली. मला म्हणाली का तिला, ते कळलं नाही. दार लागलं.

मी पायरीवर बसले. करंट आला, लूम सुरू झाले. बऱ्याच वेळानं मालूबाई बाहेर आल्या. "अगंबाई, भाभी, अशा बाहेर का बसलात?" त्यांनी दार ढकललं. ते उघडंच होतं. आत सोफा होता, यांची काठी होती, न्हाणीच्या दाराशी पाणी सांडलेलं तसंच होतं. मी कपडे घेतले आणि परत गेले.

पल्लवीला मी काही सांगितलं नाही.

७

जैनाबादची खोली मी सोडली. लोटूभाऊंना वाईट वाटलं. "ताई, काही कमी पडलं का आमच्याकडून?" मी म्हटलं, काहीच कमी पडलं नाही.

हे महिन्याभरानं घरी आले. आता वॉकर घेऊन आतल्या खोलीतून न्हाणीपर्यंत जातात. मी जेवणाच्या टेबलावर काढते, जिथे आधी जमत नव्हतं तिथेच. फोन शेजारी असतो. एक नियम मी स्वतःला घालून घेतला: बेल वाजली की उठायचं. रेघ अर्धी असली तरी. पेन्सिल कागदावर असली तरी. पहिल्याच बेलला. यांनी हाक मारली की दुसरी हाक मारायची वेळ येऊ द्यायची नाही. मालूबाई आता खूश असतात. "भाभी, तुम्ही तर जशा दाराशीच उभ्या असता." पल्लवी म्हणते, "मम्मी, तू पहली रिंग में उठाती है आजकल."

अशा तुटक-तुटक वेळात मी सात चित्रं केली. जैनाबादच्या चित्रांइतकी ती सरस नाहीत. रेघेत मध्ये कुठेतरी उठल्याचं दिसतं. पण झाली. एकोणतीस. पुस्तक छापायला द्यायची तारीख पुढच्या सोमवारची आहे.

राहिलं होतं ते एकच. एकशे चौदाचं दार आणि दारात आई. आतापर्यंत प्रत्येक चित्रात ती पाठमोरी होती, स्टोव्हपाशी, नळावर, दोरीवर कपडे घालताना. चेहरा मला जमतच नव्हता. चार वेळा फाडला. जवळ एकच फोटो आहे, तिच्या लग्नातला, त्यात ती माझ्या आईसारखी दिसतच नाही.

काल दुपारी बसले. आधी चौकट काढली, मग हात. मग डावी भुवई टेकवली आणि ती बरोबर बसली. तिच्याखाली गालाचं हाड आपोआप उतरलं. मग हनुवटी. ती येत होती. आता नाकापासून ओठापर्यंतची रेघ ओढायची होती, आणि ती रेघ कुठून कुठे जाणार हे मला कागदावर स्पष्ट दिसत होतं. अशी दिसलेली रेघ परत दिसत नाही, हे चित्र काढणाऱ्या कोणालाही विचारा.

बेल वाजली.

"अगं, बेल," आतून हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. खुर्ची मागे सरकवण्यासाठी मी पाय टेकवले. पेन्सिल कागदावरच होती.

बेल पुन्हा वाजली. या वेळी लांब, बोट दाबून धरल्यासारखी. कोणाला तरी घाई होती.

स्वयंपाकघरात नळ बंद झाला. तो सुरू कधी झाला होता, ते मला आठवत नाही. पावलं आली. माझ्या खुर्चीच्या मागून गेली, इतकी जवळून, की कागदाचा कोपरा हलला. मी मान वर केली असती तर दिसलं असतं. मी मान वर केली नाही. कडी निघाली. दाराशी दोन शब्द झाले. दार लागलं.

तेवढ्यात मी ती रेघ ओढली. बरोबर आली.

"कोण होतं गं?" यांनी आतून विचारलं.

मी तोंड उघडलं, पण मला ठाऊकच नव्हतं कोण होतं.

"कोणी नाही," दाराकडून उत्तर आलं.

मी कागदावरची पेन्सिलची भुकटी फुंकली आणि डोळे काढायला घेतले.